मालनबाईंची संमती

कोर्टरूमबाहेर खटल्यांचे नंबर दाखवणाऱ्या लाल फलकावर शेवटच्या आकड्याची डावीकडची खालची रेघ उजळत नव्हती. त्यामुळे सहाचा पाच दिसे. हे ध्यानात आलं तेव्हा रेणूला मागच्या तारखेचा उलगडा झाला. त्यांचा सव्वीस नंबर लागला, तेव्हा फलकावर पुन्हा पंचवीसच उमटला होता, आणि ती नि तिच्या सासूबाई, मालनबाई, बाकावर बसूनच राहिल्या होत्या. पूर्वी शिपाई दारात येऊन नाव पुकारायचा. फलक लागल्यापासून त्यानं ते सोडून दिलं होतं.

आज रेणू दाराशीच उभी राहिली. लिफ्ट बंद असल्यानं जिने चढून आलेल्या मालनबाई वॉकर पुढ्यात घेऊन दम खात होत्या.

मलकपेठेत रस्ता ओलांडताना कुलदीप नावाच्या एका तरुणाच्या मोटरसायकलनं त्यांना उडवलं, त्याला सात वर्षं झाली. खुब्याचं हाड जुळलं, खटला तिथंच राहिला. न्यायाधीश बदलले, एक साक्षीदार शहर सोडून गेला. मधे फौजदारी कायदेच नवे आले. आता निकाल मुदतीत लागतात असं रेणूनं वाचलं होतं. ती विचारायला गेली, तर त्यांचे वकील अभिजीत हसले.

"ते नव्या केसेसना, मॅडम. तुमची जुन्या कायद्यातली."

मग कुलदीपकडून तडजोडीचा निरोप आला. त्याला परदेशात नोकरी मिळत होती, खटला आडवा येत होता. मालनबाईंनी संमती दिली की सगळं मिटणार होतं. विद्यानगरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या रेणूच्या रजा संपत आल्या होत्या. घरी विषय काढला की मालनबाई "बघू" म्हणत आणि शेंगा सोलत राहत. शेवटी रेणूनं वकिलांना परस्पर सांगून टाकलं, की आत्याबाई तयार आहेत.

नंबर लागला. आत भिंतीवरच्या पडद्यावर कुलदीप होता, आपल्या ऑफिसातूनच हजर. मधूनच तो खाली बघून काहीतरी टाइप करी. मालनबाईंनी चष्मा सारखा केला.

"हाच का गं? इथं नाही आला?"

"आता यावं लागत नाही, आत्याबाई."

"मला यावं लागलं की."

न्यायाधीश बाईंनी आधी तेलुगूत विचारलं, मग मालनबाईंचा चेहरा पाहून उर्दूत. अपघातात कोणाचाच दोष नव्हता आणि तुम्ही खटला मिटवायला राजी आहात, असं तडजोडीच्या या अर्जात आहे. ही तुमची स्वतःची मर्जी आहे ना? पडद्यावर कुलदीपनं मान वर केली. नुसतं हो म्हणा, घरी जाऊ, असं रेणू कानाशी पुटपुटली. तिचे पाय भरून आले होते.

मालनबाई वॉकरला धरून उठल्या आणि बेगम बाजारात भाव करताना बोलत, त्याच दखनी उर्दूत म्हणाल्या,

"नक्को, अम्मा. गलती किसकी थी, वो कोर्ट बोलना. तब तक मैं आती रहूँगी."