बाजेचं माप

आमच्या वाडीच्या वर, डोंगराच्या पोटात, बजरंगशेठचं खडी क्रशर आहे. शेठ पोरांवर फार जीव लावणारे. शाळेला पाण्याची टाकी त्यांची, पंधरा ऑगस्टची जिलेबी त्यांची, आणि कामावर घ्यायची वेळ आली तरी पहिला मान पोरांना.

त्याचं कारण असं. दगड भरडून निघालेली खडी लांबलचक रबरी पट्ट्यावरून वर चढते. चढताना थोडी सांडते, पट्ट्याखाली साठते आणि पट्ट्याला घासते. ती ओढून काढावी लागते. पट्टा थांबवला तर हे काम कुणीही करील. पण पट्टा थांबला की क्रशर थांबतं, रस्त्याचं काम थांबतं आणि देशाची प्रगती खोळंबते. म्हणून चालत्या पट्ट्याखाली जो मावेल, त्यानं खुरपं घेऊन सरपटत जायचं.

मावतो की नाही ते बघायला फाटकात एक सुंभाची बाज ठेवलेली होती. पोरानं पाठ घासू न देता तिच्याखालून पलीकडं निघायचं. निघालं तर कामावर. अडकलं तर मोठं झालं म्हणायचं. वाडीत जन्मतारखा मागंपुढं होत्या, बाजेचं माप कधी चुकलं नाही.

पौषात वाल्मिकच्या पार्थचा हात पट्टा फिरवणाऱ्या रोलरमध्ये गेला. कोपरापर्यंत. शेठनी त्याला राहुरीला दवाखान्यात नेलं, वर सफरचंदं पाठवली. दुसऱ्या दिवशी मुकादम ज्योतीच्या दारात उभा. ज्योती क्रशरवर दगड फोडायची. तिची निकिता नऊ वर्षांची, बाजेखालून आरामात निघणारी.

“पोरगी येनार न्हाई,” ज्योतीची सासू रतनबाई म्हणाली.

“आजी, घरात कमावती एकटी ज्योती. शेठ तिलाबी नगं म्हनले तर?”

रतनबाईनं त्याला पाणी दिलं, गुळाचा खडा दिला, आणि तो वळल्यावर घरोघर फिरली.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर सभा झाली. कुठल्याही साहेबाला न बोलावता भरलेली ही वाडीची पहिली सभा, त्यामुळे ती वेळेवर सुरू झाली. ठरलं असं, की एकही पोर डोंगर चढणार नाही. आई-बाप वर असतील तेव्हा पोरांना पाळीपाळीनं एकेका घरी जेवायला घालायचं. वाडीतल्या तोंडाळ आक्काबाईनं डोंगराच्या वाटेवर बसायचं. तिच्या तोंडापुढून जायची मोठ्यांचीही छाती नव्हती.

सकाळी सगळी वाडी फाटकात जाऊन उभी राहिली. शेठनी हात जोडले.

“तुमचा ठराव मला मान्य. पोरं नकोतच. पन पट्टा थांबवायला सांगू नका. खाली मावंल असं एखादं मोठं मानूस द्या. न्हाईतर क्रशर बंद करतो. मंग चुली कशावर पेटवायच्या ते तुमीच बगा.”

पुरुष आपापल्या पोटाकडे बघू लागले. रतनबाईनं पदर खोचला, जमिनीवर पालथी पडली आणि बाजेखाली शिरली.

“आत्या, उठा तिथनं,” ज्योती म्हणाली.

“उठते की. पलीकडं तर निघू दे.”

ती निघाली. पाठ कुठं घासली नाही.

“बगा शेठ. जलमभर भाकरी कमी खाल्ली, त्याचा आज उपेग झाला.”

घरी आल्यावर ज्योती रडकुंडीला आली. “तुमी न्हाई जायचं.”

“मंग कोन, निकिता?”

ज्योतीनं निकिताला जवळ ओढलं.

“मला आता मोठं व्हायचं न्हाई, ज्योते. तिला हाय.”

रतनबाई रोज वर जाऊ लागली. पोरं शाळेत, चुली पेटत्या, शेठ खूश. वाडीला हायसं वाटलं. इथं वाडी चुकली. हायसं वाटलं की आमच्याकडे सत्कार करतात.

“बालकामगारमुक्त वाडी” असा फलक रंगवला. शाल कुणाला द्यायची असा प्रश्न निघाला. मुख्य पाहुणे शेठ, म्हणून शेठना दिली. रतनबाई नव्हती, ती वर कामावर होती. शेठ माईकवरही ओरडून बोलत होते, कारण वरून क्रशरची घरघर चालू होती. बोलता बोलता ती घरघर थांबली आणि एकटे शेठ ओरडताना ऐकू येऊ लागले. कुणाला काही कळायच्या आत ज्योती डोंगराकडे पळत सुटली होती.

पदर रोलरमध्ये गेला होता. रतनबाईला खाली आणलं ते त्याच बाजेवरून. दुसरं काही वर नव्हतं.

अग्नी देऊन झाल्यावर बायका घरी गेल्या नाहीत. बाज उचलून त्यांनी परत वर नेली, फाटकात आडवी टाकली आणि तिच्यावर बसल्या. त्यांच्यामागं पुरुषही बसले. खडीच्या गाड्या रिकाम्या परत गेल्या. तिसऱ्या दिवशी शेठ आले.

“आता काय म्हननं हाय?”

“आधी पट्टा थांबवायचा, मंग खाली साफ करायचं,” ज्योती म्हणाली.

“अगं बाई, तो असा मधीच थांबत न्हाई.”

“थांबतो. आमी ऐकलंय.”

हल्ली दुपारी पट्टा थांबतो. लाल बटण आहे, अंगठ्यानं दाबायचं. मग मोठी माणसं लांब दांड्याच्या फावड्यांनी खडी ओढतात आणि ओढता ओढता तंबाखू मळतात. देशाच्या प्रगतीचं काही अडल्याचं कळलं नाही.

खाली शाळेत घरघर थांबली की निकिताचं वाचन थांबतं. बोट ओळीवर तसंच राहतं. गुरुजी रागावत नाहीत. तेही खडू धरून उभे राहतात. वर पट्टा पुन्हा सुरू होतो, आणि ती पुढचा शब्द वाचते.