दादाने बसवलेला डबा

मामाच्या मुलाकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे, आणि दर तिसऱ्या वाक्यात तो ती काढून दाखवतो. मामाच्या गाड्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आम्ही दोघंही काम करतो, तिथे सगळे त्याला दादा म्हणतात. मीही म्हणते, कारण तो माझ्याआधी जन्माला आला. त्यापलीकडे त्याने काही केलेलं मला माहीत नाही.

गेल्या आठवड्यात दातांचा एक डॉक्टर मोठी मोटरसायकल घेऊन आला. त्याला आवाज हवा होता. बाकी गाडी ठणठणीत. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून झाल्यावर संध्याकाळी रस्त्याने आपल्याकडे वळून बघावं, असं वाटतं एकेकाला.

त्या गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपात एक झडप असते. सीटखालची छोटी मोटर, सर्व्हो म्हणतात तिला, दोन केबल ओढून ती झडप उघडते, मिटते. झडप मिटली की आवाज दबतो. दादाने दोन्ही केबल सोडवल्या, मोटर काढली आणि तिच्या वायरला काडेपेटीएवढा काळा डबा जोडला. डब्याला काम एकच. मोटर जागेवर आहे, झडप हलतेय, सगळं मजेत आहे, असं गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत राहायचं. म्हणजे बिघाडाचा पिवळा दिवा लागत नाही. त्याच दिवशी त्या गाडीचा एअर फिल्टर मी बदलला.

तीन दिवसांनी डॉक्टर परत हजर. "आवाज वाढला नाहीच, वर ओढतही नाही गाडी. चढावर एक बाई स्कूटरवरून पुढे गेल्या. मागे पिशव्या लटकवून."

गाडीपेक्षा पिशव्याच जास्त लागल्या होत्या त्याला. गाडी ठेवून गेला, पाचला येतो म्हणाला.

दादाने लॅपटॉप जोडला आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आल्यासारखा चेहरा केला. "एकही एरर नाही. माझं काम क्लीन आहे. फिल्टर कोणी बसवला?"

मामाने माझ्याकडे बघितलं.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा मामाचं आणि आईचं ठरलं होतं. गिऱ्हाइकाची एक जरी गाडी माझ्या हातून बिघडली, की मी पुन्हा वर्गात. म्हणजे दोन वर्षांनी लहान पोरींच्या बाकावर, आणि समोर त्याच बाई, ज्यांना मी जाताना जे बोलायचं ते बोलून आले होते.

"सोमवारी आईबरोबर शाळेत जा," मामा म्हणाला. "इंजिन उघडावं लागणार बहुतेक."

"आधी फिल्टर उघड ना."

"तोंड चालवू नकोस."

मी पान्हाच चालवला. फिल्टर काढला, मामाच्या हातात ठेवला. स्वच्छ, सरळ, नीट बसवलेला. मग टॉर्च घेऊन गाडीखाली आडवी झाले. झडपेची चकती पाइपाच्या बाहेरून दिसते. बोटाने फिरवून बघितली, हलेना. काजळी धरून पक्की बसली होती.

"दादा, केबल सोडवल्यास तेव्हा झडप कशी होती?"

"कशी म्हणजे? पाइपात होती."

"उघडी की मिटलेली?"

तो लॅपटॉपकडे बघायला लागला. "मिटलेली असती तर एरर आला असता."

"एरर येऊ नये म्हणून तर तू डबा बसवलास. आणि आता त्यालाच विचारतोयस?"

मामा वाकला. टॉर्च माझ्या हातातून घेतली. चकती स्वतः फिरवून बघितली. तीस वर्षं गाड्या उघडल्यात त्याने, मिटलेल्या झडपेमागे धूर कोंडला की गाडी ओढत नाही, हे समजायला त्याला लॅपटॉप लागत नाही. मी चकतीवर तेल मारलं, पक्कडीने हळूहळू फिरवून झडप पूर्ण उघडली आणि हलू नये म्हणून तारेने बांधून टाकली. मामा चक्कर मारून आला. गाडी सुसाट.

साडेचारला त्याने मला कॉम्प्रेसरमागे बोलावलं.

"डॉक्टरला फिल्टरचं सांगू. तुझ्याकडून राहिलं म्हणू."

"का?"

"बाहेरच्या बोर्डावर दादाची डिग्री लिहिलीय."

"मग पुसून टाक."

"अगं, समजून घे. शाळेचं रद्द, बस?"

मला इतका राग आला की हातातली पक्कड कुठेतरी आपटावीशी वाटली. आपटली नाही. "बस नाही. आईला फोन कर. अट संपली म्हण. आत्ता, माझ्यासमोर. आणि इथून पुढे इंजिनाचं काम मी करणार. दादा नाही."

त्याने दादाकडे बघितलं. दादा काचेत बघून केस नीट करत होता. मामाने फोन लावला. "ताई, पोरीचं शाळेचं सोड आता. राहू दे इथेच." पलीकडून आई बरंच बोलली. मामा "हो, हो" करत राहिला.

पाचला डॉक्टर आला. मी म्हटलं, "फिल्टर नीट बसला नव्हता, सर. चुकलं माझं."

"बाळ, दात काय, इंजिन काय, शिक्षणाशिवाय हात लावू नये," तो म्हणाला. "दादाकडे बघ जरा."

"रोज बघते, सर."

दादाने मान डोलावली. त्याला खरंच वाटलं, कौतुक चाललंय.

डॉक्टर फटफट करत गेला. गल्लीत कोणी वळून बघितलं नाही. मी पुढची गाडी स्टँडवर घेतली. त्या गाडीच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उघडायचं होतं. दादा ट्रेमधला पान्हा उचलून माझ्या शेजारी येऊन बसला, बाह्या वगैरे सरसावून.

"तिच्याकडे दे तो," मामा म्हणाला. मान वर न करता.