काखेत मारून निघायचं

फिलिपीन्समधल्या इलोइलो शहरात, कॉम्प्युटरच्या एका दुकानात रोडालिनने कोपऱ्यातल्या छोट्या पेटीवर बोट ठेवलं, तसा दुकानदार नेस्टर खो खो हसला. बुटांची दोन खोकी एकावर एक ठेवावीत एवढीच ती पेटी. त्याच्या मते गेम खेळायचा कॉम्प्युटर म्हणजे गुडघ्याएवढा उंच, एका बाजूला काच असलेला आणि आत रंगीबेरंगी दिवे फिरणारा.

"इंदाय, पोरी, भात शिजवायचाय का यात? तेवढ्याच पैशात हा मोठा घेऊन जा. आत वारा खेळता राहतो. उद्या काही वाढवावंसं वाटलं तर जागाही आहे."

"ग्राफिक्स कार्ड दोन्हीत एकच ना, मनोंग?" थोरल्या भावाला म्हणावं तसं तिने विचारलं.

"एकच."

"मग खेळ काय बुटका दिसणार आहे?"

"तापेल थोडा. पंखा बोंबलेल."

"बोंबलू दे. बांधा."

मोठ्याची हौस तिची केव्हाच फिटली होती. आई हाँगकाँगला घरकामाला, म्हणून ती मामाकडे वाढली. तियो फर्मिन म्हणायची ती त्याला. कमवायला लागल्यावर तिने थोरला कॉम्प्युटर घेतला आणि मामाच्या बैठकीत मांडला. मारामारीच्या खेळात तिचा हात असा बसला, की गल्लीतली पोरं तिच्यासमोर बसायला कचरायची. ती स्पर्धांना जाऊ लागली, तसं मामाचं डोकं फिरलं. "माझ्या छपराखाली राहायचं तर हे थेर बंद!"

रोडालिनने त्याच पावली कपडे भरले. कॉम्प्युटरचं ते धूड पोटाशी धरून ती धडपडत फाटकापर्यंत आली, पण तीनचाकीवाल्याने मान हलवली. जागाच नव्हती. मामाने कॉम्प्युटर शांतपणे तिच्या हातातून काढून घेतला. "हा इथेच राहील. आणि हा राहिला की तूही राहशील."

ती राहिली नाही. पण त्या दिवशी रिकाम्या हातांनी तीनचाकीत बसताना जे तोंड कडू झालं, ते पुढे कितीतरी दिवस कडूच राहिलं.

आता ती भाड्याच्या खोलीत चौघींबरोबर राहत होती. पलंगाशेजारच्या फळीवर नवी पेटी बसली, स्क्रीन बसला, वर बाचोयचा, शेवयांच्या सुपाचा, वाडगा ठेवायला जागा उरली. जागा अडवली म्हणून कुणाला बोलायला तोंड राहिलं नाही.

मग शेजारच्या बेटावरच्या बाकोलोद शहरातली स्पर्धा आली. आपापला कॉम्प्युटर घेऊन यायचं होतं, स्क्रीन तिथे मिळणार होते. रोडालिन पाठीवर पिशवी टाकून बोटीतून उतरली आणि चालत सभागृहात पोचली. दारातच तिला दिसला तो 'हे थेर बंद' म्हणणारा मामाच. दोन हमालांच्या हातात तिचाच जुना कॉम्प्युटर होता, आणि मागे मामाचा मुलगा डार्विन वायरी सावरत येत होता.

"हे काय उचलून आणलंस? डबा?" मामाने विचारलं.

"हो. आमच्याकडे हमाल नाहीत."

चिठ्ठ्या निघाल्या आणि नेमकी डार्विनशीच गाठ पडली. पहिला डाव त्याने घेतला. मामाने टाळी वाजवली, आजूबाजूचे हसले. तिच्या पेटीचा पंखा खरंच बोंबलत होता. रोडालिनने हेडफोन घट्ट दाबले आणि पुढचे दोन्ही डाव असे ओढून घेतले, की डार्विन स्वतःच उठून म्हणाला, "मनांग, ताई, काय खाऊन आलीस गं?"

मामा जवळ आला. आवाज उतरला होता. "घरी चल. तुझा कॉम्प्युटर तुझाच आहे. खेळ हवं तर. पण घरात, मी म्हणेन तेव्हा."

"तो डार्विनला राहू द्या, तियो. त्याचा हात चांगला आहे. आणि मी कधी खेळायचं, ते आता कुणाला विचारत नाही."

"एकटी पोर. कुठवर मिरवशील?"

"जिथवर वीज असेल तिथवर."

मामा वळला आणि डार्विनला वायरी गुंडाळायला सांगून निघून गेला. तिने हाक मारली नाही.

पुढच्याच फेरीत ती हरली, आणि सपशेल हरली. हरवणारी जुनेसा पलीकडच्या सेबू बेटावरची होती, दिवसा गोदीत वेल्डिंग करायची. जेवणाच्या दोन थाळ्या घेऊन ती रोडालिनसमोर येऊन बसली.

"रडतेस?"

"जळतेय."

"बरं आहे. तुझी डावी बाजू उघडी पडते, कुणी सांगितलं नाही? सेबूला ये. आमच्या पोरींबरोबर चार दिवस घासून खेळ."

"कधी?"

"मी आत्ता निघतेय."

रोडालिनने फोन काढून कामावर रजा कळवली. वायर गुंडाळली, पेटी पिशवीत सरकवली, पट्टा खांद्यावर ओढला. मग जुनेसाकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडे एक प्लग आणि एक स्क्रीन मोकळा आहे ना? बाकी मला काही लागत नाही."