थेल्माबाईंचा फँटेल

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, ब्लफला आमच्या शेजारी डुगल्ड किनमंट राहतो. बंदराच्या कचेरीतले कॉम्प्युटर सांभाळण्यात त्याची उभी हयात गेली. लग्न केलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. दक्षिणेचा बोचरा गार वारा सुटला की मी त्याच्या कोंबड्या आत घेते, माझं धुराडं तुंबलं की तो शिडी लावतो, एवढं आमचं शेजारपण.

फार वर्षांपूर्वी त्याने एक बारका प्रोग्रॅम लिहिला होता. दोन बटणं एकदम दाबली की पडद्याच्या मधोमध एक पट्टी उघडते. तिच्यात एखाददुसरं अक्षर टाकायचं, की हवं ते समोर हजर. माउसला हात लावायची गरजच नाही. आमच्याकडच्या फँटेल नावाच्या पाखरासारखा चटकन येतो नि भुर्रकन जातो, म्हणून नाव फँटेल. डुगल्डने तो फुकट वाटला. एके काळी कुठकुठली माणसं त्याला लिहायची. मग कॉम्प्युटरमध्येच तशी सोय आली नि माणसं गळत गेली. राहिली एक थेल्मा.

ही थेल्मा समुद्रापलीकडची, ऑस्ट्रेलियातल्या व्हायलाची. पोलादाच्या कारखान्यात टायपिस्ट होती. म्हातारपणी हात थरथरायला लागले. माउस धरला की बाण पडद्यावर माशीसारखा भिरभिरायचा, पण बटणांवर बोटं अजून नेमकी पडायची. तिला फँटेलवाचून गत्यंतर नव्हतं. अधूनमधून तिचा फोन यायचा.

"अहो डुगल्ड, तुमचं पाखरू आज आळसावलंय."

"काय झालं, थेल्माबाई?"

"पत्त्यांचा डाव उघडायला वेळ लावतंय."

"किती वेळ?"

"माझी एक जांभई होते."

डुगल्ड तपासून बघायचा. बिघाड काहीच नसायचा. मग तिचे उन्हाने करपलेले टोमॅटो, आमच्याकडचा पाऊस, असं बोलणं लांबत जायचं.

"अरे, ती खुसपट काढून फोन करते. कळत नाही का तुला?" एकदा मी म्हटलं.

"कळतं की."

"मग?"

"मग काय! मागच्या खेपेला मीच पट्टीचा रंग बदलून ठेवला. तिला आवडणार नाही, ठाऊक होतं." एवढं बोलून स्वारी कानापर्यंत लाल झाली.

त्या हिवाळ्यात तिचे फोन थांबले. डुगल्डने फँटेलची नवी आवृत्ती करून ठेवली होती. एकटीसाठीच म्हणा ना.

"तूच कर की फोन," मी म्हणायची.

"छे. अडलं की करेल ती. आपण होऊन कसा करायचा?"

एका शनिवारी सकाळी मी गरम चीज रोल घेऊन त्याच्याकडे गेले होते. फोन वाजला. नंबर बघून त्याचा चेहरा उजळला. हात लोण्याने माखलेले, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"थेल्माबाई! होतात कुठे?"

"मी जॅनीन, त्यांची मुलगी. आई गेली हो, महिना होऊन गेला." मग ती म्हणाली, "तिच्या फोनमध्ये 'फँटेलवाले' म्हणून हा नंबर होता. तुम्ही मदत केंद्रातले ना?"

डुगल्डने माझ्याकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला.

"तिचा कॉम्प्युटर माझ्या लेकीला दिलाय. खेळताना ही पट्टी मध्येच टपकते नि ती वैतागते. काढायची कशी?"

मी हाताने खुणावलं, सांग तिला, तू कोण ते. त्याने मान फिरवली आणि कुठे जायचं, काय दाबायचं, ते एका सुरात सांगत गेला.

"विचारतंय, 'नक्की काढायचं का?'"

त्याने फडक्याला एकेक बोट पुसलं.

"हॅलो? आहात ना?"

"आहे. हो म्हणा."

"गेली! किती चटकन झालं."

"लहानसाच प्रोग्रॅम आहे तो." मग त्याने विचारलं, "त्यांना फार त्रास झाला का?"

"आईला? नाही, झोपेतच गेली. विचारलंत, बरं वाटलं हो."

फोन ठेवल्यावर मी भडकलेच. "अरे, सांगितलं का नाहीस तिला?"

"काय सांगू तिला? कोण म्हणून सांगू? मी थेल्माबाईंना कधी पाहिलंसुद्धा नाही."

मी चीज रोलची बशी त्याच्याकडे सरकवली.

पुढे कित्येक आठवडे तो नीट जेवत नव्हता. एका दुपारी आपणहून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला. म्हणाला, "जॅनीनला त्याच नंबरवर फोन करतो, खरं काय ते सांगतो. तू इथेच थांब."

"मी डुगल्ड, फँटेलवाला—"

"हो हो, ती पट्टी परत नाही आली! थँक यू हां. मी जरा गाडी चालवतेय." फोन बंद.

त्याने फोन हळूच टेबलावर ठेवला. "तिला वाटलं, मदत केंद्राने कामाची चौकशी केली."

"परत कर ना, संध्याकाळी."

"नको. तिच्या मागे तिचे व्याप आहेत."

मी किटली ठेवली नि बटाटे सोलायला घेतले. मला वाटलं, उठून जाईल. पण तो बोलायला लागला. थेल्माबाई हसायच्या आधी खोकायच्या. त्यांच्या नवऱ्याला भूगोल कळायचा नाही, तो न्यूझीलंडला ऑस्ट्रेलियाचं शेपूट म्हणायचा. इतकं बोलताना मी डुगल्डला आजवर ऐकलं नव्हतं.

"त्यांच्याआधी आपल्याकडे दिवस मावळतो ना," तो म्हणाला, "म्हणून विचारायच्या, तुमच्याकडे किती उजेड उरलाय? मी बघून सांगायचो."

सांगता सांगता तो खिडकीकडे वळला, काच पुसली, आणि बाहेर किती उजेड उरलाय ते बघत राहिला.