दोरीपलीकडचा निळा शर्ट

आमच्या अम्मीला माझं काम कधी पटलं नाही. लोक लग्नांचे फोटो काढतात, त्यात बिर्याणी तरी मिळते, तू मात्र गाड्यांच्या मागे धूळ खात फिरतेस, हे तिचं ठरलेलं वाक्य. पण ओमानला वाळूत गाड्यांची शर्यत आहे, पुण्याची एक टीम त्यात उतरतेय आणि त्यांचे फोटो काढायला मला पाठवतायत, असं सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"जागा कुठली गो, समरीन?"

"इब्राच्या पुढे."

इब्राला माझे अब्बा राहतात. मी शाळेत जायच्या आधीपासून ते तिथे एका अर्बाबच्या, म्हणजे अरब मालकाच्या, टायरच्या दुकानात आहेत. हुसैनमियाँ टायरवाले म्हटलं की तिथलं कोणीही दुकान दाखवतं, असं ते अभिमानानं सांगायचे.

"मग गाड्यांचे काढायचे तेवढे काढ," अम्मी म्हणाली. "येताना ह्यांचा एक फोटो आण. तोंड दिसणारा."

मागणी साधी वाटते, पण नव्हती. दोन वर्षं अब्बांनी व्हिडिओवर तोंड दाखवलं नव्हतं. फोन लावला की कधी पंखा दिसायचा, कधी टायरची चळत. नेट स्लो हाय, कॅमेरा खराब हाय, एक ना दोन. सुट्टीचं विचारलं की अर्बाब सोडत नाही. आमच्या दाभोळात अशा वागण्याचे दोनच अर्थ लावतात. माणूस आजारी असतो, नाहीतर त्यानं तिकडे दुसरं घर केलेलं असतं. अम्मीनं यातलं काहीच कधी तोंडातून काढलं नाही. ती फोन कानाला घट्ट लावायची, डोळे मिटायची आणि ते बोलतील तेवढं ऐकत बसायची.

इब्राच्या हॉटेलसमोर अब्बा अर्बाबची पिकअप घेऊन आले तेव्हा त्यांनी तोंडाला मास्क लावला होता. मी मिठी मारली. ते आणखी बारीक झाले होते.

"मास्क कशाला? आता कोण लावतं?"

"धूळ हाय गो इकडे."

धूळ खरंच होती, म्हणून मी वाद घातला नाही. पण चहाच्या टपरीवर मास्क काढावाच लागला. अब्बांचं तोंड डावीकडे खाली ओढलं गेलं होतं. डावा डोळा नीट मिटत नव्हता. चहाचा घोट घेतला आणि ओठाच्या कोपऱ्यातून थोडा चहा हनुवटीवर आला. त्यांनी तो रुमालानं इतक्या सवयीनं टिपला की मला रडू आलं.

"तोंडावरून वारं गेलं," ते म्हणाले. "डॉक्टर बोलला सुधारेल. सुधारलं तेवढं सुधारलं. अम्मीला बोलायचं नाय."

"अब्बा, तिनं फोटो मागितलाय."

"माझं लग्न झालं तेव्हा तिच्या मैत्रिणी खिडकीतून मला बघायला आलेल्या," ते म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले. माझ्या बापाला आपल्या रूपाचा एवढा अभिमान असेल हे मला माहीतच नव्हतं. मला रागही आला आणि हसूही आलं.

शर्यतीच्या आधी दोन दिवस मोकळे होते. अब्बांनी मला ओमान दाखवायचं ठरवलं. तेव्हा कळलं की ओमान त्यांनी स्वतःच पाहिलेलं नाही. इतकी वर्षं राहून त्यांना दुकान, खोली, मशीद आणि मस्कतच्या विमानतळाचा रस्ता एवढंच ठाऊक. जुन्या इब्रातल्या पडक्या मातीच्या हवेल्यांमधून आम्ही दोघंही माना वर करून फिरलो. एका वादीत, म्हणजे तिकडच्या ओढ्याच्या पात्रात, डोंगरांच्या मध्ये हिरवंगार पाणी साठलेलं होतं. तिथे अब्बांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाय पाण्यात सोडले आणि म्हणाले, "तुझ्या आईला हे दाखवायला पायजे होतं."

मी कॅमेरा उचलला. ते लगेच उठले.

"तू उभी राहा. मी काढतो."

सगळीकडे हेच. माझ्याकडे माणसाच्या भुवईतलं कुसळ टिपणारी लेन्स, आणि फोटो निघायचे त्यांच्या फोनवर, माझे. निम्म्या फोटोंत त्यांचा अंगठा आलाय.

बुधवारी इब्रात बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्याही बायका, घेणाऱ्याही बायका, पुरुषांना आत मज्जाव. अब्बा बाहेर पिकअपला टेकून उभे राहिले. एक हात कमरेवर, दुसरा मागे, मान जरा पुढे. मी परत आले तरी तसेच.

"आत काय काय असतं?" त्यांनी विचारलं. "दर बुधवारी इथूनच जातो. तुझी आई आली तर तिला पाठवीन आणि ती येऊन सांगेल, असं मनात होतं. मग तिचा व्हिसा काय जमला नाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. कापडं, अत्तरं, ऊद, चांदीच्या बांगड्या, भांडणाऱ्या म्हाताऱ्या. त्यांनी दोनदा सांगायला लावलं.

शुक्रवारी शर्यत. मी त्यांना या म्हटलं. अर्बाबनं बोलावलंय, जमणार नाय, असं ते म्हणाले. मी रुसले आणि तशीच कामाला गेले.

धावत्या गाडीचा फोटो काढायची आमची एक रीत असते. शटर मुद्दाम मंद ठेवायचं आणि गाडी समोरून जाताना तिच्याच वेगानं कमरेतून वळत कॅमेरा फिरवायचा. जमलं तर गाडी लख्ख येते, चाकाची नक्षीसुद्धा दिसते, आणि मागे जे जे उभं असेल ते सगळं आडवं फरफटून जातं. जो हलतो तो स्पष्ट, जो जागेवर राहतो तो पुसट. नवशिक्यांना हे उलटं वाटतं. मला तर त्याचीच सवय होती. दुपारभर मी टेकडीच्या पायथ्याशी वळत राहिले. समोर दोरीपलीकडे बघ्यांची रांग होती. तिकडे मी एकदाही नीट पाहिलं नाही, कारण ती पुसली जाणारच होती.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजेनंतर अब्बांच्या खोलीवर जेवायला गेले. ते तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. मी लॅपटॉप उघडून फोटो निवडायला बसले. पिवळी गाडी, वाळूचा पंखा, मागे रंगांचे फराटे. पुढचा फोटो, तसाच. त्याच्या पुढचाही. मग लक्षात आलं की प्रत्येक फोटोत एका जागी निळा पट्टा आहे. बाकीचे रंग बदलत होते. लोक येत होते, जात होते, सावलीला पळत होते. निळा तिथेच. पट्ट्याला एका बाजूनं कोपर होतं आणि वर मान जरा पुढे.

मी वळून पाहिलं. अब्बांच्या अंगात अम्मीनं ईदला पाठवलेला निळा शर्ट होता. मान उन्हानं लाल झाली होती.

"तुम्ही आला होतात."

"जुम्याची नमाज झाली, मग आलो."

"हाक का नाही मारलीत?"

"तुझं काम चालू होतं," ते भाकरी उलटत म्हणाले. "मला बघायचं होतं तू कशी करतेस. भिंगरीगत फिरतेस गो."

दुपारभर ते त्या उन्हात उभे होते आणि मी त्यांना एक-एक फोटो करत पुसत होते. अब्बा हात पुसून माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि लॅपटॉपमध्ये डोकावले. निळा पट्टा मी बोटानं दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हा पाठव तिला," ते म्हणाले. "ह्यात मी हाय. आणि तोंड नाय."

मी पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही. आम्ही जेवायला बसलो आणि दुसऱ्या घासाला फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"मधला निळा तो हेच ना?" अम्मीनं विचारलं. "असेच उभे राहतात. मला बघायला आलेले तेव्हापण दारात असेच उभे होते."

अब्बांनी मान खाली घातली.

"तुझ्या शेजारीच असतील. ऐकू दे," अम्मी म्हणाली. "दोन वर्षं ऐकतेय मी. 'प' बोलताना तुमची हवा जाते. पयल्यांदा वाटलं दात पडला. दाताला अशी हवा जात नाय. माझ्या मामूचं तोंड वाकडं झालेलं तेव्हा ते असेच बोलायचे."

अब्बांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मग बोललीस का नाय?" अब्बांनी विचारलं.

"तुम्ही लपवत होता. लपवायला तरी फोन करत होता. बोलले असते तर तोपण बंद केला असता." ती थांबली. "मला काय तोंडाशी लगीन लावायचंय आता? सरळ होतं तेव्हा पोटभर बघायला मिळालं नाय. वाकडं तरी बघू दे."

अब्बा उठले, मोरीवर जाऊन तोंड धुतलं, ओला हात केसांवरून फिरवला आणि बल्बखालच्या खुर्चीत येऊन बसले. शर्टाचं वरचं बटण लावलं. मास्क खिळ्याला लटकत होता, तो त्यांनी काढून खिशात घातला.

"काढ," ते म्हणाले.

मी कॅमेरा उचलला. शटर वेगवान केलं, डोळ्यावर फोकस धरला, श्वास रोखला. पहिला फोटो हलला. दुसराही हलला. रोज सुसाट गाड्या पकडणारी मी, आणि समोर खुर्चीत बसलेला बाप काही चौकटीत स्थिर राहीना.

"अब्बा, हलू नका ना."

"मी कुठे हलतोय?" ते म्हणाले. "मी इथंच हाय. हात तुझा हलतोय."