माझी डावी बाजू बधिर आहे

“भांडत नाही, हसत नाही, काही मागत नाही. नुसती चार्जिंगला लावल्यासारखी घरात असते गं ती,” थोरला मुलगा आईला नव्या सुनेबद्दल म्हणाला.

“हळू बोल. येईल इतक्यात,” आई म्हणाली.

ती आलेलीच होती. दाराआड उभी होती आणि तिच्या हातात मी होतो. मला चार्जिंगला लावायलाच ती निघाली होती.

मी कंट्रोलर बोलतोय. टीव्हीवरचे खेळ खेळताना लोक दोन्ही हातांत धरतात तो. वर दोन काड्या, सगळीकडे बटणं. आई मला रिमोट म्हणते आणि माझ्याने टीव्हीचा आवाज कमी होत नाही म्हणून मला नावं ठेवते.

माझा जन्म एका कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर झाला. शेवटच्या टेबलावरच्या बाईने माझं एकेक बटण दोनदा दाबलं. मग डावीकडची आणि उजवीकडची, अशा दोन्ही छोट्या मोटारी फिरवून पाहिल्या. या मोटारींमुळे मी हातात थरथरतो. पडद्यावर काही आदळलं, जवळ आलं, की हाताला कळावं म्हणून. बाईने मान हलवली आणि मला खोक्यात घातलं. माझी इतक्या आपुलकीने विचारपूस त्यानंतर कुणी केलेली नाही.

ज्या घरी मी आलो तिथल्या दोघा भावांचा उद्योग म्हणजे खेळांवर मतं लिहिणं. नवा खेळ आला की तो खेळायचा, त्यावर लेख लिहायचा, दहापैकी गुण द्यायचे आणि लेख आपल्या संकेतस्थळावर टाकायचा. वाचणारे बरेच आहेत. यांनी चांगलं म्हटलं तर ते खेळ घेतात, वाईट म्हटलं तर बघतसुद्धा नाहीत. प्रत्येक लेखाच्या तळाशी एक ओळ असते: ‘हा खेळ आम्ही शेवटपर्यंत खेळलो आहोत.’ थोरल्याला या ओळीचा भारी अभिमान. बाकीचे दोन तास खेळतात आणि दोन पानं खरडतात, आपण त्यातले नाही, हे तो गॅसवाल्यालाही ऐकवतो.

माणसं मला हातांवरून कळतात. थोरल्याचे तळवे ओले. हरायला लागला की तो मला पिळतो, जणू माझ्यातून रस निघणार आहे. धाकट्याच्या बोटांना कायम बिस्किटाचा चुरा. हरला की तो म्हणतो, “हे धरायचं नाही. मी नीट बसलो नव्हतो.” मग उशी सरकवतो आणि नीट बसून हरतो.

या धाकट्याचं तीन महिन्यांपूर्वी लग्न झालं. नवीन सून आली आणि पहिल्याच आठवड्यात घरातली कामं वाटून झाली. मला चार्जिंगला लावण्याचं काम तिच्याकडे गेलं. तिचे हात गार असायचे, नुकती भांडी घासल्यासारखे. ती मला उचलायची, पुसायची, वायर जोडायची. तिला वाईट वाटत होतं असंही नाही. काहीच वाटत नव्हतं. जेवलीस का म्हटलं की “हो,” माहेरची आठवण येते का म्हटलं की “नाही तशी.”

मग तो खेळ आला. अंतराळातलं एक ओसाड स्थानक, आत एकटी वैमानिक, पाच मजले आणि दर मजल्याच्या शेवटी एक राखणदार. गोळ्या झाडत वर जायचं. मेलं की संपलं. पुन्हा तळमजल्यावरच्या त्याच पलंगावर जाग, पुन्हा पहिल्यापासून. वाटा दर वेळी बदललेल्या, बंदुका बदललेल्या. जवळ राहतं ते फक्त शिकलेलं. या जातीच्या खेळांना रोगलाइक म्हणतात. थोरला त्याला जे म्हणाला ते आईसमोर म्हणता येत नाही.

तिसऱ्या मजल्याचा राखणदार पाठीमागून येतो; येण्याआधी माझी डावी बाजू थरथरते, पण मला पिळण्याच्या नादात थोरल्याला ते कधी कळलं नाही. त्याने थोरल्याला सतरा वेळा मारलं. अठराव्या वेळी थोरल्याने मला भिंतीवर मारलं. आत काहीतरी कटकन तुटलं आणि माझी डावी बाजू गेली. डावी मोटार फिरेना. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं नंतर वाटलं.

“चालतोय ना?” धाकट्याने विचारलं.

“बटणं चालतायत,” थोरला म्हणाला आणि विषय मिटला.

दुपारी दोन ते पाच दोघं भाऊ संगणकाच्या वर्गात शिकवायला जातात. आई आतल्या खोलीत आडवी होते. अशा एका दुपारी वायर जोडताना सुनेचा अंगठा माझ्या मधल्या बटणावर पडला आणि पडदा उजळला. भाऊ खेळ चालू ठेवूनच गेले होते. ती उभ्याउभ्याच खेळली. अकरा सेकंदांत मेली.

पलंगावर जाग आली. ती पुन्हा निघाली, पुन्हा मेली. चिडली नाही, मला पिळलं नाही, कुणावर ढकललं नाही. चौथ्या वेळी ती सतरंजीवर बसली.

मग रोज दुपारी तेच. तिसऱ्या मजल्यावर तीही पुष्कळ मेली. एकदा मेल्यावर तिने मला कानाशी धरून हलवलं आणि खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन माझ्या थरथरीची चाचणी घेतली. उजवी बाजू थरथरली. डावी नाही.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, “याची डावी बाजू बंद आहे.”

“तुला काय करायचंय? चार्ज होतोय ना?” तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

“होतोय.”

“मग झालं तर.”

त्यानंतर ती माझ्या भरवशावर राहिली नाही. राखणदार येण्याआधी स्थानकाची घरघर किंचित खाली बसते, हे तिने कानाने ओळखलं. तिसरा मजला ओलांडला. चौथा फार लांब होता, तिथे तिला एकदा जांभई आली. पाचव्यावर ती आठवडाभर मरत राहिली आणि एका दुपारी मेली नाही. वैमानिक पुन्हा त्याच पलंगाशी पोचली. या वेळी खोलीचं दार उघडं होतं, बाहेर उजेड होता. गोळी झाडायचं बटण दाबलं तरी काही होत नव्हतं. फक्त चालता येत होतं. ती वैमानिकेला बराच वेळ उंबऱ्यात उभी करून बसली. मग बाहेर नेलं. पडद्यावर नावं सरकू लागली. तिने पडदा बंद केला, मला पुसलं आणि वायर जोडली.

दोघा भावांचं खेळातलं खातं एकच. दुसऱ्या दिवशी थोरल्याने पाहिलं, तर तिथे लिहिलेलं: ‘खेळ पूर्ण.’ त्याला वाटलं, धाकट्याने केला. धाकट्यानेही पाहिलं, त्याला वाटलं, दादाने केला. आपण तिसऱ्या मजल्यावर अडकलो, हे कबूल कोण करणार?

“शेवट कसा वाटला रे तुला?” थोरल्याने चाचपून विचारलं.

“ठीकच. म्हणजे... तुला?”

“माझंही तसंच. फार काही नाही त्यात.”

“नाहीच ना! मीपण तेच म्हणणार होतो.”

ती पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती. एक घडी तिने मोडून पुन्हा घातली.

आज तो लेख जायचा आहे. या घरात लेख टाकण्याआधी थोरला तो उभा राहून मोठ्यांदा वाचतो आणि सगळ्यांनी बसून ऐकायचा असतो. आई मटार सोलतेय. धाकटा मान डोलावतोय. सून दारात उभी आहे आणि मी तिच्या हातात.

“‘हा खेळ अवघड नाही, दुष्ट आहे,’” थोरला वाचतोय. “‘पाठीमागून येणाऱ्या हल्ल्याची कसलीही सूचना खेळाडूला मिळत नाही. एवढं सोसून पदरात पडणारा शेवट निराशाजनक आहे. दहापैकी चार.’ कसं वाटलं?”

“दुष्ट हा शब्द झकास,” धाकटा म्हणतो.

“चारसुद्धा कशाला द्यायचे मेल्यांना?” आई म्हणते. तिने खेळ पाहिलेला नाही, पण मुलांची बाजू सोडायची नाही, हे तिचं ठरलेलं.

“हं. आता खाली आपली नेहमीची ओळ टाकायची की झालं,” म्हणत थोरला संगणकासमोर बसतो.

माझं आता फार काही उरलेलं नाही. डाव्या काडीवरचं रबर गेलंय, बॅटरी तासभर टिकते, आणि माझ्या जागी नवीन आणायचं बोलणं परवाच झालं. मला वाईट वाटायला हवं, वाटत नाही. विनंती म्हणाल तर एकच आहे: नवीन आणाल त्याला भिंतीवर मारलंत, तर मारल्यावर निदान हलवून बघा, कुठली बाजू गेली ते.

एवढं बोलून मी थांबतो, कारण तिचे अंगठे माझ्या काड्यांवर घट्ट दाबले गेलेत आणि गार नाहीत. समोर काही चालू नाहीये. थोरल्याचं बोट की-बोर्डवर गेलंय. ती एक पाऊल आत येते. आवाज चढत नाही, भाजीला मीठ कमी आहे हे सांगावं तितकाच आहे. पण मटार सोलणारे हात थांबतात.

“दादा, ती ओळ टाकू नका. शेवट तुम्ही पाहिलेला नाही, यानेही नाही. दोघांनी एकमेकांना विचारलंत, मी ऐकत होते. खेळ मी पूर्ण केलाय, दुपारी. हल्ल्याची सूचना मिळते. ती हाताला देणारी या कंट्रोलरची डावी मोटार तुम्ही भिंतीवर मारून मोडलीत. खेळ दुष्ट नाहीये. चौथा मजला उगाच लांबवलाय, तिथे बनवणारे चुकलेत, ते जरूर लिहा. आणि शेवट निराशाजनक नाही. मला त्यात फार आनंद झाला असंही नाही, पण मी बराच वेळ तिथून हलले नाही. सगळं खोडा आता. मी सांगते, तुम्ही लिहून घ्या.”