बाजूला उभ्या माणसाचा चष्मा

मी एक जुना चष्मा आहे. वाचायचा नव्हे, बांधकामावर डोळे झाकणारा. मित्रांनो, कारखान्यातून मी थेट बजाजनगरातल्या एका बांधकामावर आलो आणि खिळ्याला टांगला गेलो. आख्ख्या कामावर मी एकटाच होतो, तरी मला कोणी विचारत नसे. फरशी कापणारे इब्राहीम मिस्त्री म्हणत, "यात वाफ धरती, रेघच दिसत नाय."

सरूबाई त्यांच्या मशीनच्या पात्यावर पाणी ओतायच्या. एका दुपारी फरशीची कपची उडाली ती थेट त्यांच्या डोळ्यात. कोणी पदराचं टोक घेऊन धावलं. इब्राहीम ओरडले, "हात लावू नका! सरूबाई, चोळू नका!" त्यांनी चहाचा कागदी पेला डोळ्यावर अलगद धरला आणि रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेलं. डोळा थोडक्यात वाचला.

पट्टी निघाल्यावर सरूबाई कामावर परतल्या, तेव्हा इब्राहीम मला घालूनच फरशी कापत होते. खाली बघत त्यांनी विचारलं, "लई दुखतंय का?"

"आता नाय. पण भाऊ, तुमचे डोळे झाकले, माझ्या डोळ्याचं काय? मी तर पात्याच्या तोंडाशीच उभी."

इब्राहीमांनी मशीन बंद केली. मला काढून त्यांनी सरूबाईंच्या हातात दिलं.

ठेकेदार काकासाहेब तणतणत आले. "काम का थांबलं?"

"दुसरा चष्मा आला की चालू करतो, साहेब."

काकासाहेबांनी आरडाओरडा केला, दोघांना घरी बसवायची धमकी दिली. दोघंही जागचे हलले नाहीत. बाकीच्यांनीही घमेली खाली ठेवली. शेवटी संध्याकाळी सगळ्यांपुरते चष्मे आले. मी मात्र सरूबाईंच्याच डोळ्यांवर राहिलो.

पुढं एकदा चालू मशीनचं पातंच फुटलं. तुकडा सणसणत येऊन माझ्यावर आदळला. मला वाटलं, संपलं सारं! पण काचेमागं सरूबाईंची पापणी फक्त लवली. "दिसतंय गं बाई, दिसतंय मला!" म्हणत त्या हसू लागल्या, हसता हसता रडू लागल्या.

त्या खोल ओरखड्यानं माझं काम संपलं. सरूबाईंना नवा चष्मा मिळाला. मला दुःख नाही. मित्रांनो, आमच्या काचा ओल्या मऊ फडक्यानं पुसा. मशीन सुरू करण्याआधी आम्हाला डोळ्यांवर चढवा. आणि बटण दाबण्यापूर्वी एकदा शेजारी वळून बघा. तिथं उभ्या माणसालाही दोनच डोळे आहेत.